कुत्र्याला सलामी, हॅम, बेकन का देऊ नये आणि दिलंच गेलं तर काय करायचं

नवीन कुत्रा घरी आला की पहिल्या आठवड्याभरातच हा प्रसंग येतो. तुम्ही फ्रीज उघडून सलामीचं पॅकेट काढता, प्लास्टिकचा आवाज होतो आणि वळून बघता तर तो येऊन बसलेला, कान टवकारलेले, नजर तुमच्या हातावर खिळलेली, शेपटीने फरशी झाडतोय. मग वाटतं, मांसच तर आहे, कुत्रा मांसच खातो ना, एका तुकड्याने काय होतंय. मलाही असंच वाटायचं, आणि ते का चुकीचं आहे हे मला आमच्या चिकूला तीन रात्री सलाईनवर बघून कळलं. ज्यांनी नुकताच कुत्रा पाळलाय त्यांना ते तसं कळायला नको, म्हणून हे सगळं पायरीपायरीने लिहितेय.

एक आधीच सांगते, घाबरवायचं म्हणून हे लिहीत नाहीये. धडधाकट मोठ्या कुत्र्याने खाली पडलेला हॅमचा एक तुकडा उचलला तर बहुतेक वेळा काहीही होत नाही. घोळ होतो तो आपण तो तुकडा आपल्या मापाने मोजतो म्हणून. आपल्या तळहातावर तो एवढासा दिसतो, पण आपण साठ किलोचे आणि तो पाच किलोचा असेल तर वजनाच्या हिशोबाने त्याचा एक स्लाइस म्हणजे आपले बारा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं आपोआप समजतं.

पायरी १: कशाबद्दल बोलतोय ते ओळखा

खारवलेलं, मुरवलेलं, धुरी दिलेलं किंवा टिकावं म्हणून मीठ-नायट्राइट घालून तयार केलेलं कुठलंही मांस यात येतं. सलामी, पेपरोनी, हॅम, बेकन, सॉसेज, हॉटडॉग, पास्ट्रामी, कॉर्न्ड बीफ, जर्की, डब्यातलं लंचन मीट, सगळं. प्राणी कुठला आहे त्याने फारसा फरक पडत नाही. चिकन सॉसेज किंवा टर्की हॅम लिहिलेलं दिसलं की लोकांना ते हलकं वाटतं, फॅट कमी असेलही, पण मीठ साधारण तेवढंच असतं. तसंच पॅकेटवर "नायट्राइट घातलेलं नाही" असं लिहिलेलं असलं तरी मागे बारीक अक्षरात सेलरी पावडर दिसते का बघा, कारण त्या पावडरमधल्या नायट्रेटपासून नायट्राइटच तयार होतं, फक्त नाव वेगळं.

साधं ताजं मांस, काही न घालता उकडलेलं, हा वेगळा विषय आहे आणि तेच पुढे आपल्याला पर्याय म्हणून लागणार आहे.

पायरी २: कुत्र्याचं वजन करा, मग हिशोब करा

घरच्या वजनकाट्यावर आधी एकट्याने उभं राहा, मग त्याला उचलून घेऊन उभं राहा, फरक म्हणजे त्याचं वजन. मोठा कुत्रा असेल तर व्हेटकडे, म्हणजे जनावरांच्या डॉक्टरकडे करा. हा आकडा फ्रीजच्या दारावर चिकटवून ठेवा, खरंच उपयोग होतो, घरातल्या सगळ्यांना तो दिसत राहतो.

आता मीठ बघू. १५ किलोच्या कुत्र्याला दिवसाला साधारण २०० मिलिग्रॅम सोडियम लागतं, ५ किलोच्या कुत्र्याला साधारण ९० मिलिग्रॅम, आणि हे त्याला त्याच्या रोजच्या खाण्यातून मिळतच असतं. सलामीच्या १०० ग्रॅममध्ये सोडियम अंदाजे दीड ते दोन ग्रॅम असतं. म्हणजे १० ग्रॅमच्या एका स्लाइसमध्ये १५० ते २०० मिलिग्रॅम. म्हणजे त्या पाच किलोवाल्याला एका स्लाइसमधून दिवसभराच्या गरजेच्या जवळपास दुप्पट सोडियम गेलं, तेही जेवणाच्या वर. पॅकेटवर कधी सोडियम लिहिलेलं असतं तर कधी मीठ, तेव्हा गोंधळू नका, सोडियमला अडीचने गुणलं की मीठ मिळतं.

लगेच हे विष आहे असं समजू नका. किडन्या चांगल्या असतील आणि भांड्यात पाणी असेल तर कुत्रा जास्तीचं मीठ लघवीवाटे बाहेर टाकतो, त्या दिवशी पाणी जास्त पितो आणि रात्री एकदा जास्त बाहेर न्यावं लागतं, एवढंच. मिठाची खरी विषबाधा व्हायला वजनाच्या दर किलोमागे साधारण २ ग्रॅम मीठ पोटात जावं लागतं, आणि ४ ग्रॅमच्या आसपास गेलं तर जीवावर बेतू शकतं. पाच किलोच्या कुत्र्याला २ ग्रॅमच्या हिशोबाने १० ग्रॅम मीठ होतं, आणि तेवढं मीठ अंदाजे २५० ग्रॅम सलामीत असतं. म्हणजे एक पॅकेट! ओट्याच्या कडेला ठेवलेलं एक पॅकेट लहान कुत्र्याने पळवलं आणि संपवलं तर तो त्या रेषेपर्यंत पोचलेला असतो, आणि त्यात पाणी मिळालं नाही तर रेष अजून अलीकडे येते. ३० किलोच्या लॅब्रॅडोरने तेच पॅकेट खाल्लं तर मिठापेक्षा फॅटची काळजी जास्त.

कॅलरीचा हिशोबही इथेच करून टाका. ट्रीट म्हणून जे काही वरचं देतो ते दिवसाच्या एकूण कॅलरींच्या १०% च्या आत असावं हा जगभरचे व्हेट सांगतात तो नियम. पाच किलोच्या, नसबंदी झालेल्या मोठ्या कुत्र्याला दिवसाला ३७० च्या आसपास कॅलरी लागतात, म्हणजे ट्रीटसाठी ३७. सुक्या सलामीचा एक स्लाइस साधारण ४० कॅलरी. दिवसभराचा कोटा एका घासात संपला, आणि तो घास त्याने चावलासुद्धा नाही.

पायरी ३: पॅकेट उलटं करून मागची बाजू वाचा

पुढच्या बाजूचं चित्र सोडून द्या. मागे घटक पदार्थांच्या यादीत मला सगळ्यात जास्त खटकतात त्या दोन गोष्टी म्हणजे लसूण पावडर आणि कांदा पावडर. कधी त्या सरळ लिहिलेल्या असतात, कधी "मसाले" किंवा "फ्लेवरिंग" या एका शब्दात लपलेल्या असतात, आणि सॉसेज-सलामीत त्या नसणं हाच अपवाद.

कांदा, लसूण आणि त्यांच्या कुळातल्या सगळ्याच भाज्यांमधली गंधकाची संयुगं कुत्र्याच्या लाल रक्तपेशींवर हल्ला करतात, पेशीतलं हिमोग्लोबिन बिघडतं, पेशीच्या कडेला त्याच्या गुठळ्या दिसायला लागतात ज्यांना हाइन्झ बॉडी म्हणतात, आणि मग शरीर स्वतःच त्या बिघडलेल्या पेशी मोडीत काढतं. परिणाम म्हणजे अ‍ॅनिमिया. कच्च्या कांद्याचं प्रमाण सांगायचं तर किलोमागे १५ ते ३० ग्रॅमपासून रक्तात बदल दिसायला लागतात. सलामीच्या एका तुकड्यात अर्थातच इतकं नसतं. पण कांद्यात जवळजवळ ९०% पाणी असतं आणि पावडरीत ते काढून टाकलेलं असतं, त्यामुळे चमचाभर पावडर म्हणजे बराच कांदा झाला, आणि लसूण तर कांद्यापेक्षा तीव्र धरतात. शिजवल्याने, भाजल्याने, सुकवल्याने हे विष जात नाही. आणि रोज थोडं थोडं देत राहिलं तर नुकसान साठत जाऊ शकतं. अकिता आणि शिबा इनू या जाती याला जास्त नाजूक असतात, तुमच्याकडे त्यातला कुणी असेल तर हे पक्कं लक्षात ठेवा.

दुसरं म्हणजे नायट्राइट, यादीत सोडियम नायट्राइट किंवा ई२५० असं दिसेल. मांसाचा गुलाबी रंग त्याच्यामुळे टिकतो आणि बोट्युलिझमचे जंतू वाढत नाहीत, म्हणून ते घालतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रोसेस्ड मीटला माणसाच्या बाबतीत कॅन्सरकारक गटात टाकलं, ते बरोबरच आहे, पण तो निष्कर्ष माणसांच्या अभ्यासावरचा आहे, तो उचलून जसाच्या तसा कुत्र्यावर चिकटवायला नको. कुत्र्यासाठी नायट्राइटचा जास्त धोका वेगळ्याच ठिकाणी आहे: घरी मांस मुरवायला काही लोक गुलाबी क्युअरिंग मीठ आणतात, त्यात ६.२५% नायट्राइट असतं. ती पुडी किंवा मुरवणीचं पाणी कुत्र्याने चाटलं तर रक्ताची ऑक्सिजन वाहून न्यायची ताकदच जाते, हिरड्या चॉकलेटी-करड्या दिसायला लागतात आणि दम लागतो. असं काही घरात असेल तर कुलुपात ठेवा, तेही उंचावर.

पायरी ४: फॅट, आणि चिकूची गोष्ट

सलामीत साधारण तीस टक्के फॅट असतं, पेपरोनीत त्याहून जास्त. कुत्र्याच्या रोजच्या कोरड्या खाण्यात असतं बहुधा १२ ते १६ टक्के. शरीराला सवय त्याची असते आणि अचानक वरून चरबीचा लोंढा आला की स्वादुपिंड, म्हणजे पॅनक्रियाज, बिथरू शकतं. हे स्वादुपिंड पचनासाठीचे एन्झाइम बनवतं, ते एन्झाइम आतड्यात पोचल्यावर कामाला लागायला हवेत, पण पॅनक्रियाटायटिसमध्ये, म्हणजे स्वादुपिंडाला सूज येते तेव्हा, ते आतच, स्वादुपिंडातच, कामाला लागतात आणि त्या अवयवालाच पचवायला सुरुवात करतात. वेदना किती होत असतील याची कल्पना करा.

आमची चिकू सात किलोची. घरी पाहुणे होते, सहा माणसं टेबलाशी, सकाळचा नाश्ता, बेकन. प्रत्येकाने तिला एकेक तुकडा दिला आणि प्रत्येकाला वाटलं आपण एकच दिलाय. त्यात कुणीतरी प्रेमाने तव्यात उरलेली चरबी तिच्या भांड्यातल्या खाण्यावर ओतली, वाया कशाला घालवायची म्हणून. ती चरबी टेबलस्पूनभर जरी धरली तरी ११५ कॅलरी होतात, सात किलोच्या कुत्र्याच्या दिवसभराच्या गरजेचा जवळपास पाव हिस्सा, आणि तीही निव्वळ चरबी. त्या दिवशी ती छान खेळली, झोपली. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पहिली उलटी. मग दुसरी. मग तिने जेवणाकडे तोंडच केलं नाही, जी कधी भांडं चाटून पुसून ठेवल्याशिवाय उठत नाही ती. आणि मग मी तिला त्या अवस्थेत बघितलं: पुढचे पाय पसरून छाती जमिनीला टेकवलेली आणि मागचा भाग वर, जसं खेळायला बोलावताना करतात तसं, पण शेपटी हलत नव्हती आणि ती थरथरत होती. मला वाटलं आळस देतेय. ती पोट दुखत असल्याची खूण होती. हे वाचून तुमच्या लक्षात एकच गोष्ट राहिली तरी ही राहू दे, कारण कुत्रा दुखणं बोलून दाखवत नाही, असं दाखवतो.

रक्त तपासलं, त्यात पॅनक्रियाजचं लायपेज हे एन्झाइम बघतात, सोनोग्राफी केली, मग सलाईन, उलटी थांबायचं इंजेक्शन, दुखणं कमी करायची औषधं. व्हेटने विचारलं किती दिलं होतं, आणि आमच्याकडे उत्तरच नव्हतं, कारण कुणीच मोजलं नव्हतं. तीन रात्री जीव टांगणीला लागला होता. ती बरी झाली पण एकदा पॅनक्रियाटायटिस झाला की परत व्हायची शक्यता राहते, तेव्हापासून तिचं खाणं कायमचं लो फॅट आहे.

मिनिएचर श्नॉझर या जातीत रक्तातली चरबी मुळातच जास्त असू शकते, त्यांना हा धोका जास्त. यॉर्कशायर टेरियर, लठ्ठ कुत्रे, डायबिटीसवाले आणि ज्यांना आधी एकदा होऊन गेलंय ते, यांच्यासाठी "एकच तुकडा" हा प्रकार नकोच.

पायरी ५: मांसाबरोबर जे येतं ते

हॅमचं हाड देऊ नका. हाड शिजवलं किंवा धुरावलं की ते ठिसूळ होतं, चावलं की धारदार फाटे निघतात, ते तोंडात रुततात, घशात अडकतात किंवा आतडं फाडतात. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ मध्ये पॅकेटमधून विकल्या जाणाऱ्या हाडांच्या ट्रीटबद्दल मुद्दाम इशारा दिला होता, त्यांच्याकडे आलेल्या तक्रारींमध्ये सुमारे ९० कुत्रे आजारी पडले होते आणि सुमारे १५ दगावले होते. त्यात हॅम बोनही होती, म्हणजे कुत्र्यांसाठीच म्हणून विकलेली. दुकानात कुत्र्यांच्या कप्प्यात ठेवलंय म्हणजे सुरक्षित असं धरून चालू नका.

मग जाळी आणि दोरा. रोल केलेल्या हॅमवर जाळी असते, सॉसेजला कधी प्लास्टिकचं आवरण असतं, टोकाला दोरा किंवा धातूची क्लिप असते, आणि या सगळ्याला मांसाचा वास लागलेला असतो म्हणून कुत्रा ते गिळतो. दोरा आतड्यात एका टोकाला अडकला की आतडं त्याच्यावर चुण्या पडल्यासारखं गोळा होतं आणि कापलं जातं, ऑपरेशनशिवाय गत्यंतर नसतं. ट्रेच्या तळाशी ती ओलावा शोषणारी गादी असते ना, तीही कचऱ्यात अशी टाका की तो पोचणार नाही. रिकामं पॅकेट नेहमी उभं फाडून, पसरवून टाका, कारण कुत्रा त्यात डोकं घालतो, श्वास घेतला की प्लास्टिक तोंडाला चिकटतं आणि तो गुदमरतो.

जर्कीच्या पॅकेटमधल्या छोट्या पुडीबद्दलही सांगायला हवं. सिलिका जेल असेल तर सहसा फारसं काही होत नाही, पण ऑक्सिजन शोषणारी पुडी असेल तर तिच्यात लोखंडाची पावडर असते आणि लहान कुत्र्याला त्याची विषबाधा होऊ शकते. पुडी खाल्ली असेल तर वाट बघत बसू नका, फोन करा.

हॉटडॉगचा आकार तर घशाला बूच बसावं असाच आहे, गोल आणि मऊ. मोठे मोठे घास न चावता गिळणाऱ्या कुत्र्याला हा वेगळाच धोका.

पायरी ६: गोळी सॉसेजमध्ये लपवायची सवय असेल तर

हे बरेच जण करतात आणि कधी कधी सल्लाही तसाच मिळतो. दोन दिवसांचं अँटिबायोटिक असेल, कुत्रा तरुण आणि निरोगी असेल तर मी त्यावरून भांडणार नाही. पण रोजच्या गोळ्या बहुतेक कुणाला असतात? म्हाताऱ्या, हृदयाच्या, किडनीच्या कुत्र्यांना. हृदयाच्या कुत्र्याला अंगातलं पाणी कमी व्हावं म्हणून लघवी वाढवणारी गोळी देतात, आणि ती गोळी आपण मिठाने भरलेल्या सॉसेजमधून देतो, जे मीठ पाणी धरून ठेवतं! दिवसातून दोनदा, वर्षानुवर्षं. एका हाताने द्यायचं आणि दुसऱ्याने काढून घ्यायचं, असं होतं ते.

आणखी एक गोष्ट खूप कमी लोकांना माहीत असते. फिट्स येणाऱ्या कुत्र्यांना कधी कधी पोटॅशियम ब्रोमाइड हे औषध चालू असतं. खाण्यात मीठ अचानक वाढलं की किडनी ब्रोमाइड जास्त वेगाने बाहेर टाकते, रक्तातली औषधाची पातळी घसरते आणि थांबलेल्या फिट्स परत सुरू होऊ शकतात. अशा कुत्र्याच्या खाण्यातलं मीठ रोज सारखंच ठेवायचं असतं, वाढवायचंही नाही आणि एकदम कमीही करायचं नाही, आणि काहीही बदलायचं तर आधी व्हेटशी बोलून. पाहुण्याने दिलेला हॅमचा तुकडा इथे साधा तुकडा राहत नाही.

मग गोळी द्यायची कशात? त्याच्याच ओल्या खाण्याची वाटाण्याएवढी गोळी वळा. किंवा बिनमिठाचं उकडलेलं चिकन, उकडलेला लाल भोपळा कुस्करून, केळ्याचा छोटा तुकडा. पीनट बटर चालतं पण आधी डबा वाचा, त्यात झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात तो गोड पदार्थ) किंवा बर्च शुगर या नावाने तेच असेल तर ते कुत्र्यासाठी भयंकर विषारी आहे. द्यायची पद्धत अशी: आधी एक नुसता घास, मग गोळीवाला, आणि तो तोंडात असतानाच तिसरा नुसता घास नाकापुढे धरायचा, म्हणजे तिसऱ्याच्या ओढीने तो दुसरा गिळून टाकतो. गोळी तोडायची की नाही, रिकाम्या पोटी की जेवणाबरोबर, हे व्हेटला विचारूनच.

पायरी ७: सवय मोडायची कशी

ट्रेनिंगला हॉटडॉगचे तुकडे वापरायची पद्धत खूप रुळलेली आहे, कारण वास जबरदस्त आणि कुत्रा ऐकतो. पण एका सेशनमध्ये वीस-तीस वेळा बक्षीस दिलं तर बघता बघता अख्खं सॉसेज संपतं. त्याऐवजी चिकन ब्रेस्ट काहीही न घालता उकडा, वाटाण्याएवढे तुकडे करा, छोट्या पिशव्यांमधून फ्रीजरमध्ये टाका आणि लागेल तसं काढा. कुत्र्याला तुकडा मोठा की छोटा याचं फार नसतं, किती वेळा मिळाला याचं असतं, त्यामुळे एकाच तुकड्याचे चार करून चार वेळा द्या. उकडलेलं अंडं, गाजर, काकडी, बिया काढलेलं सफरचंद, फरसबीच्या शेंगा पण चालतात, काही कुत्र्यांना गाजर इतकं आवडतं की तुम्हाला आश्चर्य वाटेल.

ज्याला सलामीचीच चटक लागलीये तो आठवडाभर रुसेल, टेबलाशी येऊन बसेल, भुंकेल. त्या आठवड्यात कुणीच द्यायचं नाही, एकानेही नाही, कारण दहातून एकदा जरी मिळालं तरी तो अजून महिनाभर प्रयत्न करत राहणार. जेवायच्या वेळी त्याला त्याच्या जागेवर चघळायचं खेळणं देऊन बसवा. आणि पाहुणे येणार असतील तर एका वाटीत त्याच्यासाठीचे तुकडे मोजून ठेवा आणि सांगा, द्यायचं तर यातलंच, वाटी संपली की संपलं. आमच्याकडे चिकूनंतर हीच पद्धत आहे आणि कुणाला वाईट वाटत नाही, उलट पाहुण्यांनाही बरं वाटतं की आपण काय देऊ शकतो ते कळलं. मुलांना मात्र फक्त "देऊ नको" म्हणून भागत नाही, त्यांना द्यायला आवडतं, तेव्हा गाजराची वाटी त्यांच्याच ताब्यात द्या.

पायरी ८: खाल्लंच तर

उरलेलं आधी काढून घ्या, पॅकेट टाकू नका. किती ग्रॅमचं होतं, किती उरलं, किती वाजता खाल्लं, हाड किंवा जाळी गेली का, हे कागदावर लिहा, शेजारी कुत्र्याचं वजन लिहा, आणि फोन करा. हे सगळं हाताशी असेल तर व्हेटला दोन मिनिटात सांगता येतं की घरी थांबा की निघा.

मिठाचं पाणी पाजून उलटी करवायचा सल्ला अजूनही कुठे कुठे ऐकायला मिळतो, तो कृपा करून ऐकू नका. मिठाच्या विषबाधेची भीती असलेल्या कुत्र्याला आणखी मीठ पाजणं म्हणजे आगीत तेल ओतणं, आणि त्या मिठानेच कुत्रे मेल्याची उदाहरणं आहेत. हाड किंवा क्लिप गेली असेल तर उलटी करवताना ती वर येताना अन्ननलिका फाडू शकते. उलटी करवायची की नाही हे व्हेट ठरवेल. पोट दुखतंय म्हणून आपली वेदनाशामक गोळीही देऊ नका, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल दोन्ही कुत्र्यासाठी धोक्याची आहेत.

पाणी समोर ठेवा, ताजं. पण त्याने खूप जास्त खारट खाल्लंय आणि तो झोकांड्या खातोय, थरथरतोय, तर घरी भसाभसा पाणी पाजत बसू नका, कारण रक्तातलं सोडियम वेगाने उतरलं तर मेंदूला सूज येऊ शकते, ते हळूहळू उतरवायचं काम दवाखान्यात मोजून मापून करतात.

वारंवार उलट्या, उलटीत किंवा शीमध्ये रक्त, पोट फुगून नुसतीच कोरडी उबळ, चिकूसारखं छाती टेकवून मागचा भाग वर करून वाकणं, फिट, श्वासाला त्रास, हिरड्या पांढऱ्या, निळ्या किंवा चॉकलेटी, यातलं काहीही दिसलं तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. पिल्लू, म्हातारा, गाभण, किडनी-हृदय-डायबिटीसवाला असेल तर लक्षणांची वाट न बघता आधीच फोन करायचा.

आणि काहीच दिसलं नाही तर? तरी कॅलेंडरवर खूण करा. मिठाचा त्रास काही तासांतच कळतो. पॅनक्रियाटायटिस बहुतेक एक ते तीन दिवसांत तोंड वर काढतो, म्हणून तीन दिवस खाणं हलकं आणि नजर बारीक ठेवा. अडकलेली वस्तू दोन-चार दिवसांनीही उलट्या सुरू करू शकते, तोवर शी नीट होतेय का बघत राहा. कांदा-लसणाचा परिणाम सगळ्यात उशिरा, साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी दिसतो, तेव्हा आपण सगळं विसरलेलो असतो आणि कुत्रा नुसता थकलेला दिसतो. त्या दिवसांत लघवी लालसर-तपकिरी होतेय का बघा, आणि दिवसाच्या उजेडात त्याचा ओठ वर करून हिरडी बघा. अंगठ्याने दाबून सोडली की पांढरा पडलेला ठिपका दोन सेकंदांच्या आत परत गुलाबी व्हायला हवा. काही कुत्र्यांच्या हिरड्या मुळातच काळ्या असतात, त्यांची खालची पापणी हळूच ओढून आतला रंग बघायचा. तो बरा असतानाच एकदा हे करून बघा, म्हणजे त्याचा नेहमीचा रंग कसा असतो ते तुम्हाला माहीत असेल.